मोडले म्हणजे काय झाले?
पेशीपटलाच्या एका परिचित चित्राविषयी

पेशीपटलाचे चित्र आपण सर्वांनी फळ्यावर काढलेले आहे. दोन समांतर रेषा, त्यांच्यामध्ये मेदरेणूंच्या शेपट्या, मध्येच बसवलेले एक लांबट प्रथिन, त्या प्रथिनाला आरपार भोक, आणि भोकातून एका ओळीत निघालेले चार-पाच गोल ठिपके. ठिपक्यांवर अधिक चिन्ह काढायचे आणि बाजूला बाण दाखवून नाव लिहायचे : आयनमार्ग, म्हणजेच चॅनेल. पुस्तकांत, भिंतीवरच्या तक्त्यांत आणि विज्ञान प्रदर्शनातल्या थर्मोकोलच्या प्रतिकृतींत हेच चित्र थोड्याफार फरकाने भेटते. चित्राच्या जोडीला दाराची उपमा असते. पेशी हे घर, पटल ही भिंत आणि आयनमार्ग हे दार. पुढे उत्परिवर्तनाचा धडा आला की हीच उपमा आणखी ताणली जाते : जनुकात चूक झाली, दार मोडले, माणूस आजारी पडला.

मी स्वतः कित्येक वर्षे असेच शिकवले. एकदा बारावीच्या वर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, मोडले म्हणजे दार उघडे राहिले, की उघडेनासे झाले?" तास संपत आला होता. "मोडले म्हणजे मोडले," असे म्हणून मी पुढच्या मुद्द्याकडे वळले. त्या वर्षात माझ्या वर्गात विचारल्या गेलेल्या प्रश्नांपैकी तो सर्वांत चांगला प्रश्न होता, हे मला फार उशिरा कळले.

या लेखात त्या चित्राची आणि त्या उपमेची तपासणी करायची आहे. उपमा वाईट म्हणून टाकून द्यावी असे माझे म्हणणे नाही. तिच्यात खरे किती, ती कुठे फसवते आणि फसवल्याने काय बिघडते, एवढे पाहू.

उपमेच्या बाजूने

पेशीपटलाचा आतला थर मेदाचा, म्हणजे तेलकट असतो. विद्युतभारित आयनाला पाणी प्रिय, तेल वर्ज्य. त्यामुळे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम किंवा क्लोराइड यांना पटल ओलांडायचे तर प्रथिनाने वाट करून द्यावीच लागते. वाट मोकळी झाली की आयन संहतीतील फरक आणि विभवांतर यांच्या ओढीने वाहतात, त्यासाठी पेशीला वेगळी ऊर्जा खर्च करावी लागत नाही. एवढे चित्रात बरोबर दिसते.

'उघडे' आणि 'बंद' या शब्दांनाही प्रयोगाचा आधार आहे. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी माकूळ या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूवर मोजमापे करून १९५२ मध्ये दाखवले की, चेता-आवेग जाताना सोडियम आणि पोटॅशियम यांचे प्रवाह वेगवेगळ्या वाटांनी आणि वेगवेगळ्या वेळी वाहतात. त्यावेळी आयनमार्ग कोणी पाहिलेला नव्हता. सारे अनुमान आलेखांवरून आणि गणितावरून होते. या कामासाठी दोघांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९७६ मध्ये नेहेर आणि साकमन यांनी काचेच्या अतिसूक्ष्म नळीचे टोक बेडकाच्या स्नायुपेशीवर टेकवून एकेका आयनमार्गातील प्रवाह मोजला. तो हळूहळू वाढत नव्हता. क्षणात शून्य, क्षणात पूर्ण, पुन्हा शून्य, असा पायरीसारखा आलेख मिळाला. हा प्रवाह असतो काही पिकोअँपिअरचा. एक पिकोअँपिअर म्हणजे दर सेकंदाला सुमारे ६२ लाख एकभारित आयन! हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगा आहे. एका कूलोमचा एक लक्षकोटीवा भाग घ्यायचा आणि त्याला एका इलेक्ट्रॉनच्या भाराने भागायचे.

तेव्हा दाराची उपमा ही नुसती कल्पना नाही. आयनमार्ग खरोखर उघडतो आणि मिटतो. आक्षेप आहे तो यापुढचा.

पहिला दोष : भोकाला ओळख नसते

चित्रातले ठिपके सारखे असतात आणि भोक नुसते भोक असते. त्यामुळे विद्यार्थ्याची समजूत होते की भोकाच्या आकारात जो बसेल तो जाईल. चहाच्या गाळणीसारखे. आता पोटॅशियमचा आयनमार्ग घ्या. पोटॅशियम आयनाची त्रिज्या ०.१३३ नॅनोमीटर, सोडियमची सुमारे ०.०९५. म्हणजे सोडियम लहान. तरीही हा मार्ग पोटॅशियमला वाट देतो आणि सोडियमला अडवतो. पोटॅशियम हजारो वेळा जाईल तेव्हा कुठे सोडियम एखाददुसऱ्या वेळी जाईल, इतकी ही निवड काटेकोर असते. मोठा जातो आणि लहान अडतो, अशी गाळणी आपल्या स्वयंपाकघरात नाही.

याचे उत्तर पाण्यात आहे. द्रावणात आयन एकटा नसतो. पाण्याचे रेणू आपला ऑक्सिजनचा टोकाचा भाग त्याच्याकडे करून त्याला वेढून बसलेले असतात. अरुंद जागेतून जायचे तर हे वेढण उतरवावे लागते आणि त्याला ऊर्जा लागते. पोटॅशियमच्या मार्गात सर्वांत अरुंद भागाच्या भिंतीवर प्रथिनाच्याच ऑक्सिजन अणूंच्या रांगा असतात. पाण्यातील ऑक्सिजन पोटॅशियमपासून जेवढ्या अंतरावर असतात, नेमक्या तेवढ्याच अंतरावर. पोटॅशियमला पाणी सोडल्याची किंमत लगेच भरून मिळते. सोडियम लहान असल्याने हे ऑक्सिजन त्याच्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाहीत, त्याची किंमत भरून येत नाही, म्हणून तो आपले पाणी सोडून आत शिरत नाही. रॉडरिक मॅकिनन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एका मृदाजिवाणूतील पोटॅशियम-मार्गाची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली तेव्हा ही रांग प्रत्यक्ष दिसली. त्यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले; त्यात पाण्याच्या वाहिन्या शोधणारे पीटर अॅग्रे सहभागी होते.

ही रांग ज्या अमिनो आम्लांनी बनते त्यांत ग्लायसीन, टायरोसीन, ग्लायसीन असा एक छोटा क्रम आहे. जिवाणूपासून माणसापर्यंत पोटॅशियमच्या मार्गांत तो जवळपास तसाच टिकून आहे. यातले एक अक्षर बदलले तर काय होते? 'वीव्हर' नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंदरांच्या जातीत पहिल्या ग्लायसीनच्या जागी सेरीन आल्याचे १९९५ मध्ये आढळले. हे उंदीर झोकांड्या खात चालतात. त्यांच्या अनुमस्तिष्कातील ज्या पेशींनी तोल सांभाळायचा त्या वाढीच्या काळातच मरून जातात. त्यांच्यातला हा आयनमार्ग उघडतोही आणि मिटतोही. बिघडली आहे ती ओळख : पोटॅशियमसाठी असलेल्या वाटेने सोडियमही आत येतो. 'दार मोडले' हे शब्द या उंदराला लागूच पडत नाहीत. पहारेकऱ्याला माणसे ओळखता येईनाशी झाली, असे फार तर म्हणता येईल.

दुसरा दोष : 'मोडले' या शब्दाला दिशा नाही

आता मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे येऊ. वेदना वाहून नेणाऱ्या चेतापेशींत सोडियमचा एक विशिष्ट मार्ग असतो. एससीएन९ए या जनुकावरून तो तयार होतो. पेशीच्या आतील ऋण विभव थोडे कमी झाले की तो उघडतो, सोडियम आत येतो आणि आवेग पुढे जातो.

२००४ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवले की या जनुकातील काही उत्परिवर्तनांनी एक दाहक विकार होतो. थोडी ऊब लागली, थोडे चालले की रुग्णाचे हातपाय लाल होतात आणि भाजल्यासारखी आग होते. गार पाण्यात पाय बुडवून बसल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एका अमिनो आम्लाच्या बदलामुळे त्यांचा आयनमार्ग एरवीपेक्षा लहान चेतनेनेच उघडू लागतो, आणि मिटायला वेळ लावतो.

२००६ मध्ये उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या कुटुंबांतल्या काही मुलांना जन्मापासून वेदना म्हणून कधी जाणवलीच नव्हती. स्पर्श, ऊन-गार, दाब हे सारे त्यांना कळत होते. जनुक तेच, एससीएन९ए, पण येथे उत्परिवर्तनाने कार्यक्षम मार्ग तयारच होत नव्हता. ज्या मुलामुळे संशोधकांचे या कुटुंबांकडे लक्ष गेले तो रस्त्यावर खेळ करून दाखवी, हातातून सुरी आरपार घाली, निखाऱ्यांवरून चाले. चौदावा वाढदिवस येण्याआधीच घराच्या छपरावरून उडी मारून तो मरण पावला. इतर मुलांच्या ओठांवर आणि जिभेवर स्वतःच चावल्याच्या जुन्या जखमा होत्या. वेदना नसणे हे वरदान नाही, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणी सांगू शकणार नाही.

एकच जनुक, त्यात उत्परिवर्तन दोन्हीकडे. एकीकडे विनाकारण आग, दुसरीकडे कारण असूनही वेदना नाही. दोन्ही ठिकाणी आपण 'दार मोडले' असे शिकवणार असू, तर ते वाक्य काहीच सांगत नाही. प्रवाह वाढला की घटला, हे सांगितल्याशिवाय उत्परिवर्तनाचे वर्णन पुरे होत नाही.

तिसरा दोष : एका आजाराचे अनेक बिघाड

उलट बाजूही आहे. आजार एक आणि बिघाड अनेक, असेही असते. सिस्टिक फायब्रोसिस हे त्याचे उत्तम उदाहरण. या मुलांचा घाम फार खारट असतो. हा निरीक्षणाचा मुद्दा १९५३ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात आला आणि आजही निदानासाठी घामातील क्लोराइड मोजतात. घामाच्या ग्रंथीत तयार होणारा घाम आधी खारटच असतो. त्वचेपर्यंत येताना नलिकेच्या पेशी त्यातले बरेचसे मीठ परत ओढून घेतात. क्लोराइडची वाट चालत नसेल तर मीठ घामातच राहते. फुप्फुसांत याच वाटेच्या अभावी श्लेष्मा घट्ट होतो, त्यात जिवाणू ठाण मांडतात, आणि खरा धोका तेथे असतो.

हा मार्ग बनवणारे सीएफटीआर नावाचे जनुक १९८९ मध्ये सापडले. त्यावरचे प्रथिन १४८० अमिनो आम्लांचे आहे. सर्वाधिक आढळणाऱ्या उत्परिवर्तनात डीएनएमधील तीन अक्षरे गळतात आणि ५०८ व्या जागेवरचे फेनिलॲलॅनीन नाहीसे होते. मग प्रथिनाची घडी नीट पडत नाही, पेशीची आतली तपासणी-यंत्रणा ते अडवते आणि नष्ट करते. पटलापर्यंत ते पोहोचतच नाही. दुसऱ्या एका उत्परिवर्तनात ५५१ व्या जागी ग्लायसीनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल येते. येथे घडी ठीक पडते, प्रथिन पटलात जाऊन बसते, पण झडप क्वचितच उघडते. तिसऱ्या प्रकारात जनुकाच्या मध्येच 'थांबा' असा संकेत आल्याने पूर्ण प्रथिन बनतच नाही. आणखी काही प्रकारांत मार्ग उघडतो, मात्र त्यातून आयन कमी जातात.

रुग्णाच्या दृष्टीने हे सारे एकच. घाम खारट, खोकला, वारंवार संसर्ग. पण औषधाच्या दृष्टीने यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले आयवाकाफ्टर हे औषध पटलात असलेल्या पण न उघडणाऱ्या मार्गाला उघडायला मदत करते. ५५१ व्या जागेचा दोष असणाऱ्यांना त्याचा चांगला लाभ झाला. ज्यांच्या दोन्ही जनुकांत ५०८ व्या जागेचा दोष आहे त्यांना ते एकटे पुरले नाही. भिंतीत दारच बसवलेले नसेल तर बिजागरीला तेल घालून काय उपयोग? त्यांच्यासाठी प्रथिनाची घडी सुधारणारी औषधे जोडीला द्यावी लागली. असे तीन औषधांचे मिश्रण २०१९ मध्ये मान्य झाले.

येथे आपल्या लोकप्रिय विज्ञानलेखनावरही थोडे बोलायला हवे. 'जनुक सापडले, आता उपचार दूर नाही' अशा बातम्या आपण उत्साहाने कात्रण करून फलकावर लावतो. जनुक सापडले १९८९ मध्ये, आणि मूळ दोषावर काम करणारे पहिले औषध आले २०१२ मध्ये. मधली तेवीस वर्षे गेली ती प्रामुख्याने 'नेमके काय बिघडले आहे' हे शोधण्यात आणि त्या बिघाडावर चालणारा रेणू हुडकण्यात. बातमीत ही वर्षे दिसत नाहीत. शिवाय २०१९ च्या मिश्रणाची अमेरिकेतील जाहीर किंमत सुरुवातीला वर्षाला तीन लाख डॉलरच्या आसपास होती. हेही फलकावर लिहायला हवे. ज्ञान झाले म्हणजे औषध हाती आले असे होत नाही.

चौथा दोष : एकसंध दार

चित्रात आयनमार्ग एका तुकड्याचा दिसतो. सीएफटीआरच्या बाबतीत ते चालून जाईल. पण पोटॅशियमचे मार्ग बहुधा चार भाग एकत्र येऊन बनतात, आणि भोक त्या चौघांच्या मधोमध असते. याचा आनुवंशिकतेच्या धड्याशी थेट संबंध आहे. चारही भाग एकाच जनुकावरून बनत असतील आणि त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असेल, तर निम्मे भाग चांगले, निम्मे वाईट तयार होतील. ते कसेही जुळले तर चारही भाग चांगले असण्याची शक्यता किती? अर्ध्याचा चौथा घात, म्हणजे सोळांत एक. एक वाईट भाग जर पूर्ण मार्ग निकामी करत असेल, तर निम्मे नव्हे, सोळातले पंधरा मार्ग निकामी होतील.

एक चांगली प्रत असली की भागते, असे आपण अप्रभावी गुणधर्म शिकवताना सांगतो. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये तसेच होते. एकच सदोष प्रत असलेले आईवडील निरोगी असतात. पण चार तुकड्यांच्या मार्गांत एकाच सदोष प्रतीने आजार का होऊ शकतो, याचे उत्तर या साध्या गणितात मिळते. मेंडेलचा तक्ता आणि पटलाचे चित्र ही दोन वेगळ्या धड्यांतली पाने येथे एकमेकांना भेटतात.

शब्द चुकला की उपचार चुकतो

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर स्वादुपिंडात आहे.

स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. रक्तात साखर वाढली की ती या पेशीत शिरते, तिच्या ज्वलनातून एटीपी वाढतो. पेशीपटलात पोटॅशियमचा एक मार्ग असतो, तो एटीपीने मिटतो. साखर कमी असताना तो उघडा असतो, पोटॅशियम बाहेर गळत राहते आणि पेशीचा आतला भाग ऋण राहतो. एटीपीने तो मिटला की ऋणता कमी होते, कॅल्शियमचे मार्ग उघडतात, कॅल्शियम आत येते आणि इन्सुलिनच्या पिशव्या रक्तात रिकाम्या होतात. हा मार्ग ग्लुकोजने मिटतो हे फ्रान्सेस ॲशक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले.

काही बालकांना जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो. ही बाळे फार थोडी, साधारणपणे लाखात एखादे. इन्सुलिन स्रवत नाही म्हणून त्यांना लहान मुलांच्या नेहमीच्या मधुमेहाचे रुग्ण समजत आणि आयुष्यभर इन्सुलिनची टोचणी लागे. २००४ मध्ये इंग्लंडमधील एक्झेटर येथील अँड्र्यू हॅटर्स्ली यांच्या गटाने, ॲशक्रॉफ्ट यांच्यासह, दाखवले की यातल्या अनेक बाळांमध्ये याच पोटॅशियम-मार्गाच्या जनुकात उत्परिवर्तन असते. मार्ग तयार होतो, पटलात बसतो, पोटॅशियमही ओळखतो. फक्त एटीपी आला तरी तो मिटत नाही. साखर वाढते, एटीपी वाढतो, आणि पोटॅशियम गळतच राहते. इन्सुलिनने भरलेल्या पिशव्या पेशीत तशाच पडून राहतात.

म्हणजे बिघाड होता 'उघडे राहिले' या प्रकारचा. आणि हे कळताच एक जुने औषध आठवले. प्रौढांच्या मधुमेहासाठी सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्या १९५० च्या दशकापासून वापरात आहेत. त्या याच मार्गाला दुसऱ्या बाजूने, एटीपीची वाट न पाहता, मिटवतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे उत्परिवर्तन असलेल्या ४९ रुग्णांना या गोळ्या दिल्या. त्यांतल्या ४४ जणांचे इन्सुलिन पूर्ण बंद करता आले, आणि साखरेवरचे नियंत्रणही सुधारले. जन्मापासून रोज सुई टोचून घेणाऱ्या मुलाला त्या जागी गोळी मिळाली. नवा रेणू शोधावा लागला नाही. फक्त 'मोडले' या शब्दाऐवजी 'मिटत नाही' हे शब्द मिळावे लागले.

याच मार्गाचा उलटा बिघाडही आहे. मार्ग तयारच झाला नाही किंवा मिटलेलाच राहिला, तर बीटा पेशी साखर कमी असतानाही इन्सुलिन सोडत राहते. अशा बाळांची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. मार्ग उघडणारे डायझॉक्साइड त्यांच्यातल्या काहींना उपयोगी पडते. एका बाळाला जे औषध तारते ते दुसऱ्याला मारू शकेल. दोघांच्याही अहवालावर 'याच मार्गाच्या जनुकात उत्परिवर्तन' एवढेच लिहिलेले असेल, तर डॉक्टरने काय करावे?

वर्गात सांगताना येथे एक खबरदारी हवी. मुलांमध्ये नेहमी दिसणाऱ्या मधुमेहात बीटा पेशीच नष्ट झालेल्या असतात. तेथे मिटवायला मार्गच उरलेला नसतो. त्या मुलांना इन्सुलिनच लागते. तुमच्या शाळेत असा विद्यार्थी असेल तर या गोष्टीने त्याचा किंवा त्याच्या पालकांचा गैरसमज होऊ देऊ नका.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी. नवजात बाळांच्या मधुमेहातील यांपैकी बहुतेक उत्परिवर्तने आईवडिलांत नसतात, ती त्या बाळात नव्यानेच उद्भवलेली असतात. 'जनुकातली चूक' म्हटले की आपल्याकडे कोणाच्या घराण्यातून आली याची चौकशी सुरू होते आणि ती बहुधा आईच्या माथी येते. वर्गात आपण वापरलेले सैल शब्द घरापर्यंत जातात.

आजार एवढाच अर्थ नाही

उत्परिवर्तन म्हणजे आजार, ही समजूतही याच चित्राची सोबतीण. वास्तविक आयनमार्गांची ओळख आपल्याला झाली ती मोठ्या प्रमाणात उत्परिवर्तनांमुळेच. ईथरने गुंगी दिल्यावर पाय थरथरवणारी 'शेकर' नावाची फळमाशी संशोधकांना ठाऊक होती. तिच्यात बिघडलेले जनुक १९८७ मध्ये वेगळे केले गेले आणि पोटॅशियमच्या मार्गाचे पहिले जनुक हाती आले. ऊब वाढली की लुळ्या पडणाऱ्या आणि गार झाले की पुन्हा चालू लागणाऱ्या माश्यांच्या चेतासंस्थेचा अभ्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ओबेद सिद्दीकी यांनी सीमोर बेंझर यांच्यासह करून १९७६ मध्ये प्रसिद्ध केला होता. अशा माश्यांपैकी 'पारा' नावाच्या प्रकारातील जनुक सोडियमच्या मार्गाचे आहे, हे पुढे १९८९ मध्ये कळले. एक अक्षर बदला आणि प्रवाहात काय फरक पडतो ते मोजा, ही या क्षेत्रातली नेहमीची संशोधनपद्धती आहे. आणि अनेक बदलांनी प्रवाहात काहीच फरक पडत नाही, हेही तितकेच खरे.

मग फळ्यावर काय काढावे?

अभ्यासक्रम लांब आहे, तास कमी आहेत, ही अडचण मला ठाऊक आहे. वर आलेली नावे विद्यार्थ्यांना पाठ करायला लावावीत असे मी सुचवत नाही. जुने चित्रच ठेवावे, त्यात तीन गोष्टी घालाव्यात. अरुंद भागात ऑक्सिजनची रांग, म्हणजे ओळख. आतल्या तोंडाशी झडप आणि ती कशाने हलते त्याची खूण : विभवांतर, एटीपी किंवा आणखी काही. आणि प्रथिन पेशीत तयार होऊन पटलापर्यंत येते ती वाट. मग शेजारी पाच प्रश्न लिहावेत.

१. मार्ग तयार होतो का?
२. पटलापर्यंत पोहोचतो का?
३. वेळेवर उघडतो का?
४. वेळेवर मिटतो का?
५. योग्य आयनच जाऊ देतो का?

कोणतेही उत्परिवर्तन पुढे आले की यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर बदलले, एवढे विचारायचे.

बीटा पेशीची साखळी फळ्यावर लिहून एक तास असा घेता येईल. वर्गाचे गट करा, प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या : 'पोटॅशियमचा मार्ग मिटत नाही', 'पोटॅशियमचा मार्ग पटलात पोहोचत नाही', 'कॅल्शियमचा मार्ग उघडत नाही'. जेवणानंतर आणि उपाशी असताना इन्सुलिन किती सुटेल, याचे भाकीत गटाने करायचे आणि कारण सांगायचे. पहिल्या आणि तिसऱ्या चिठ्ठीत इन्सुलिन कमी सुटते, पण कारणे वेगळी आहेत. पहिलीवर चालणारी गोळी तिसरीवर चालेल का, असा प्रश्न टाकून तास संपवावा. त्यावरचा वाद मुले मधल्या सुट्टीतही चालू ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

नव्या चित्रालाही मर्यादा आहेतच. प्रथिन ही स्थिर वस्तू नाही, ते सतत हलते-डुलते. 'झडप' हा शब्दही एका अर्थी उपमाच. पण उपमा तपासायची कशी हे विद्यार्थ्याला एकदा कळले, तर पुढची उपमा तो स्वतः तपासेल. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने तेच केले होते. तिला मी उत्तर दिले नाही. आपल्या वर्गात तो प्रश्न कोणी विचारला, तर त्या दिवशीचा राहिलेला मुद्दा खुशाल राहू द्यावा.